फोर-बाय-फोर घ्यायचीय? आधी मावळ फिरून या!

जाहिरातीतली गाडी कायम कुठली तरी नदी ओलांडत असते. तुमची गाडी शनिवारी सकाळी कुठे असते? बहुतेक लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये! मग लाखो रुपये जास्त मोजून चारही चाकं फिरवायची का, कुणी फिरवायची आणि कुठली गाडी घ्यायची? उत्तर शोरूममध्ये नाही, मावळातल्या रस्त्यांवर सापडतं.

जूनचा पहिला दणदणीत पाऊस झाला, की ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. टायगर पॉइंटच्या धुक्यातले फोटो आणि त्याखाली कुणाचा तरी मेसेज, 'यार, आता फोर-बाय-फोर घ्यायलाच हवी!' मग दुपारच्या चहाला चर्चा सुरू. थार की जिम्नी? रॉक्स घेतली तर आईबाबा बसतील ना मागे? ईएमआय किती? या सगळ्यात एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. या गाडीने जायचंय कुठे?

पाच दिवस काम आणि दोन दिवस धमाल करणाऱ्या आपल्यासारख्यांचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. लोणावळा. फार तर पवना. अगदीच हौशी असाल तर राजमाची. थोडक्यात काय, तर सगळं मिळून एक मावळ तालुका. आणि गंमत म्हणजे गाडीची परीक्षा घ्यायला याच्याइतकी चांगली जागा नाही. गुळगुळीत एक्सप्रेस-वे आहे, घाट आहे, मुरमाचा कच्चा रस्ता आहे, भाताच्या खाचरांशेजारचा चिखल आहे, ओढे आहेत आणि वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा लोणावळ्याचा पाऊस आहे. ब्रोशर चाळण्यापेक्षा एक रविवार इथे घालवा, असं माझं स्पष्ट मत आहे. तोही आत्ता आहे त्याच गाडीने.

निघण्यापूर्वी थोडा फंडा क्लिअर करू. साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. फोर-बाय-फोरमध्ये ट्रान्सफर केस नावाचा जादाचा गिअरबॉक्स ती पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही एक्सलना वाटून देतो. थार, जिम्नी, गुरखा या तिघींमध्ये त्याच्या तीन पोझिशन्स असतात. टू-एच म्हणजे रोजचं ड्रायव्हिंग, फक्त मागची दोन चाकं. फोर-एच म्हणजे चारही चाकं, नेहमीच्या वेगाला. आणि फोर-एल म्हणजे खरी चीज! यात गाडी कासवासारखी चालते, पण बैलासारखी ओढते. दगडांचा चढ, खोल चिखल, रुतलेली दुसरी गाडी ओढून काढणं, ही सगळी कामं फोर-एलची.

पण यात एक मेख आहे, आणि सेल्समन ती सहसा सांगत नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर या गाड्या फोर-एचमध्ये चालवायच्याच नसतात. वळणावर पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. इथे दोन्ही एक्सल एकमेकांना जखडलेले, त्यामुळे तो फरक जिरायला जागाच राहत नाही. चिखलात चाक जरासं घसरतं आणि ताण सुटतो. डांबरावर तो सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. म्हणजे बघा, कोथरूडहून निघून लोणावळ्याला मक्याचं कणीस खाऊन परत येईपर्यंत तुमची फोर-बाय-फोर ही टू-व्हील ड्राइव्हच असते!

दुसरी जात ऑल-व्हील ड्राइव्हची. मारुतीच्या ग्रँड व्हिटारातली ऑलग्रिप किंवा तिचीच बहीण टोयोटा हायरायडरमधली ऑल-व्हील ड्राइव्ह या प्रकारात येते. यात एरवी पुढची चाकं चालतात आणि ती घसरायला लागली, की मागच्या चाकांना आपोआप ताकद मिळते. ड्रायव्हरला काही करावं लागत नाही. मात्र फोर-एलसारखी कासवगती इथे नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चला, निघूया. एक्सप्रेस-वे घ्या किंवा देहूरोड, तळेगाव, कामशेत असा जुना हायवे घ्या. २००२मध्ये पूर्ण सुरू झालेल्या या सहापदरी एक्सप्रेस-वेवर आणि पुढे खंडाळ्याच्या घाटात चारही चाकं फिरवून काहीही साधत नाही. 'पण पावसात ग्रिप मिळते ना?' हा लाडका युक्तिवाद. ओल्या रस्त्यावर निघताना, वेग घेताना थोडी मदत होते, हे खरं. पण थांबताना? ब्रेक सगळ्याच गाड्यांचे चारही चाकांवर असतात, अगदी अल्टोचेसुद्धा. ओल्या उतारावर गाडी किती अंतरात थांबेल हे टायर, वेग आणि वजन ठरवतात. त्यात या गाड्या उंच आणि जड. वळणावर जास्त झुकणार, हे ओघाने आलंच. घाटातल्या सुरक्षिततेसाठी पैसे खर्च करायचे असतील तर आधी झिजलेले टायर बदला. पाच लाखांचं काम तीस-चाळीस हजारांत होईल.

जाता जाता, तळेगाव लागलं की उजवीडावीकडे बघा. आपल्या देशातल्या गाड्यांचं हे माहेरच आहे. स्कॉर्पिओ-एन चाकणला बनते, जीप कंपास रांजणगावला, टाटाची हॅरियर पिंपरीत. गुरखावाल्या फोर्स मोटर्सचं मुख्यालय आकुर्डीला. खुद्द मावळात, तळेगावला, २००८मध्ये सुरू झालेला जनरल मोटर्सचा कारखाना २०२०च्या अखेरीस बंद पडला आणि आता तिथे ह्युंदाई व्हेन्यू बनते. मावळात तयार होणारी ही गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह आहे, हे विशेष!

कामशेतला डावीकडे वळून पवनानगरचा रस्ता धरला, की शहर खऱ्या अर्थाने मागे पडतं. बेडसे लेणी, मग धरण, समोर तिकोना आणि तुंग. किंवा मळवलीहून भाजे लेण्यांवरून लोहगडवाडीचा चढ चढा. हा चढ अंगावर येतो. पहिल्या गिअरला पर्याय नसतो आणि समोरून मिनीबस आली तर तोंडाला फेस येतो. तरीही फोर-बाय-फोर इथेसुद्धा लागत नाही. पटत नसेल तर रस्त्यावर काय धावतंय ते बघा. दुधाचे कॅन भरलेले पिकअप, शाळेची पोरं कोंबलेली जीप, कुणाची तरी जुनी इंडिका. गावकरी वर्षाचे बारा महिने जातात-येतात आणि त्यातल्या फार थोड्या गाड्यांची पुढची चाकं आणि मागची चाकं एकत्र फिरतात. त्यांच्याकडे दोन गोष्टी असतात, ज्या आपल्याकडे नसतात. गाडीच्या पोटाखाली भरपूर जागा आणि रस्त्याची ओळख.

पहिल्या गोष्टीला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. हॅचबॅकमध्ये तो साधारण १६०-१७० मिलिमीटर. ग्रँड व्हिटारा आणि जिम्नीत २१०, थारमध्ये २२६, गुरखात २३३. किल्ल्यांच्या पायथ्यापर्यंत, होमस्टेच्या फाट्यापासून आतल्या कच्च्या रस्त्यापर्यंत जायचं असेल तर खरा प्रश्न हाच असतो. दगडाला चेंबर लागणार की नाही? त्यामुळे महिन्यातून एखादा ट्रेक, दोन-तीन पवना कॅम्पिंग आणि बाकी रोज हिंजवडी, असा तुमचा हिशेब असेल तर साधी टू-व्हील ड्राइव्ह कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्या आणि मजा करा. फारच मन खात असेल आणि बजेट सतरा-अठरा लाखांच्या घरात असेल तर ऑलग्रिप. ओल्या गवताचा चढ, मुरमाचं निसरडं वळण, पार्किंगमधला चिखल, एवढं ती आरामात निभावते. शिवाय आईला चढायला शिडी लागत नाही!

पवनेच्या काठावर मात्र सगळ्यांचीच गंमत होते. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि मोकळा, सपाट काठ दिसायला लागतो. तंबू, बार्बेक्यू, गाण्यांचा दणदणाट, सगळा माहोल. मग कुणाला तरी गाडी थेट पाण्यापर्यंत नेऊन फोटो काढायचा असतो. वरून वाळलेली, भेगाळलेली माती आतून लोण्यासारखी मऊ असते. चारही चाकं एकाच वेळी बसली, की फोर-बाय-फोर म्हणजे चार खड्डे खणायचं मशीन! एका संध्याकाळी तिथे दोन तास रुतलेली एक चकाचक एसयूव्ही पाहिली. शेवटी जवळच्या गावातून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्या काकांनी खाली उतरून आधी टायरला हात लावला आणि म्हणाले, "दादा, गाडी चांगली हाय हो, पण चप्पल गुळगुळीत हाय."

काकांनी एका वाक्यात सगळं सांगितलं. चाकं चार फिरोत नाहीतर दोन, जमिनीला टेकतो तो टायर. शहरी गाड्यांना हायवे टायर असतात. जिम्नीलाही कंपनी तसेच देते. त्यांच्या बारीक नक्षीत मावळाची लाल माती भरली, की टायर म्हणजे नुसता गोळा. ऑल-टेरेन टायरच्या खाचा मोठ्या असतात आणि त्यात शिरलेली माती फिरता फिरता बाहेर फेकली जाते. याहून खडबडीत ते मड-टेरेन. ते चिखलात राजे, पण हायवेवर घोंघावतात आणि ओल्या डांबरावर भरवशाचे नसतात. आपल्यासारख्यांनी त्या वाटेला जाऊ नये. आणखी एक स्वस्तातली युक्ती. मऊ जमिनीवर जाण्याआधी टायरमधली हवा तीस-बत्तीसवरून वीस-बाविसावर आणायची. टायर पसरतो, पकड वाढते. परतताना डांबर लागलं, की लगेच भरायची. बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा पंप दोन-तीन हजारांत मिळतो. फोर-बाय-फोर घेण्याआधी तो घ्या!

पवनेहून तुंग, मग घुसळखांब, तिथून अँबी व्हॅलीच्या रस्त्याने लोणावळा. हा माझा सगळ्यात आवडता मार्ग. पावसाळ्यात धुकं इतकं, की बॉनेट दिसत नाही. रस्त्याच्या कडेने पाणी वाहतं, डोंगरावरून आलेले ओढे फरशी पुलांवरून उड्या मारतात. एसयूव्हीच्या जाहिरातींनी आपलं सगळ्यात जास्त नुकसान कुठे केलं असेल तर इथे. थारची पाण्यातून जायची क्षमता ६५० मिलिमीटर, गुरखाची ७००, हे आकडे लोकांना पाठ असतात. पण तो आकडा साचलेल्या, शांत पाण्याचा असतो. वाहत्या पाण्याचं गणित वेगळं. फूटभर वेगवान पाणी छोटी गाडी ढकलू शकतं आणि दोन फूट पाणी बहुतेक सगळ्या गाड्या वाहून नेऊ शकतं, एसयूव्हीसकट. गाडी पाण्यात थोडी तरंगली, की टायरवरचं वजन जातं, आणि वजन गेलं, की चार चाकं फिरतायत की चाळीस, याला अर्थ उरत नाही. त्यात फरशीचा कठडा पाण्याखाली. नाहीतर फरशीच मध्ये वाहून गेलेली.

मावळातल्या दोन तारखा आपण सगळ्यांनीच लक्षात ठेवाव्यात. ३० जून २०२४ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात अचानक पाणी वाढलं आणि एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ला तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला, चार जणांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवार. दोन्ही ठिकाणी माणसं गाडीत नव्हती, हे खरं. पण पाणी वर डोंगरात पडतं आणि खाली आपण ऊन-पावसाची रील काढत असतो, हा धडा गाडीवाल्यांनाही तेवढाच लागू आहे. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन बंदीचे आदेश काढतं, तेव्हा ते आपली मजा घालवायला नसतात. आणि समजा पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्ट मारू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सरळ ओढून बाहेर काढा आणि गॅरेजला न्या.

आता येऊ राजमाचीवर. लोणावळ्यात तुंगार्ली मागे टाकलं, की उधेवाडीपर्यंतचा साधारण पंधरा किलोमीटरचा रस्ता. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या मध्ये वसलेलं हे गाव. वाट दगडांची, लाल चिखलाची, मध्ये ओढे आणि जंगल. लेखाच्या सुरुवातीपासून मी 'लागत नाही, लागत नाही' म्हणतेय. इथे लागते! पावसाळ्यात तर नक्कीच. एक चाक चरात, दुसरं हवेत, अशी अवस्था झाली, की साध्या डिफरन्शियलची गंमत कळते. सगळी ताकद हवेत फिरणाऱ्या चाकाला जाते आणि जमिनीवरचं चाक ढिम्म. गुरखात पुढचं आणि मागचं दोन्ही डिफरन्शियल लॉक करता येतं, थारच्या काही मॉडेल्समध्ये मागचं आपोआप लॉक होतं, जिम्नी घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला ताकद देते. फोर-एलमध्ये टाकून, क्लचशी न भांडता, पायी चालण्याच्या वेगाने या वाटेवरून जाणं हा काय अनुभव आहे, ते सांगून कळणार नाही.

म्हणून या तिघींबद्दल थोडं सविस्तर. जिम्नी ही १९८५मध्ये आलेल्या आपल्या लाडक्या जिप्सीची वारसदार. पाच दारांची जिम्नी भारतात आली जून २०२३ला. वजन जेमतेम बाराशे किलो, आणि चिखलात हलकी असणं हा फार मोठा गुण आहे. जिथे जड गाडी बसते तिथून ही पोरगी टुणकन निघून जाते. बारा ते पंधरा लाखांत खरीखुरी फोर-बाय-फोर, तीही ऑफिसला नेता येईल अशी आटोपशीर. तोटे? चारच सीट्स, डिकी छोटी, आणि घाटात चार माणसं बसवून ओव्हरटेक करताना इंजिन धापा टाकतं. एकटे किंवा दुकटे असाल तर माझं मत डोळे झाकून जिम्नीला.

थारबद्दल काय सांगायचं! १९४७ला विलीज जीप जोडण्यापासून सुरू झालेल्या घराण्याची ही लेक. २०२०च्या नव्या थारनंतर तर अर्ध्या पुण्याला वेड लागलं. डिझेलचा जोर मस्त, चढावर काळजी नाही. पण घेताना डोळे उघडे ठेवा, कारण रस्त्यावर दिसणाऱ्या सगळ्या थार फोर-बाय-फोर नसतात. जानेवारी २०२३पासून ती रिअर-व्हील ड्राइव्हमध्येही मिळते. दिसायला तश्शीच, रुबाब तोच! यामागे टॅक्सचं गणित आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून लागू झालेल्या जीएसटीनुसार चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल असेल तर १२००, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेली गाडी १८ टक्क्यांत बसते. बाकी ४० टक्क्यांत. थारचं दीड लिटरचं डिझेल फक्त रिअर-व्हील ड्राइव्हला मिळतं, म्हणून ती १८ टक्क्यांत. फोर-बाय-फोर हवी तर मोठं इंजिन, म्हणजे ४० टक्के. बिचारी जिम्नी चार मीटरच्या आत असूनही १४६२ सीसी पेट्रोलमुळे ४०मध्येच अडकली. त्यावर महाराष्ट्रात डिझेलला पेट्रोलपेक्षा रोड टॅक्स जास्त. एक्स-शोरूम किमतीवर भुलू नका, ऑन-रोड आकडा लिहून घ्या.

गुरखा ही रानटी गाडी. हे मी कौतुकाने म्हणतेय. दोन्ही डिफरन्शियल लॉक, नाकावर धरल्यासारखा उंच स्नॉर्केल, मर्सिडीज घराण्यातलं डिझेल इंजिन. वीकेंडला खरंच जंगलवाटा तुडवणाऱ्यांसाठी. रोज बाणेरच्या सिग्नलला मात्र ती तुमची पाठ आणि तुमचा संयम, दोन्ही तपासेल.

घरात लहान मूल आणि आईबाबा असतील तर थार रॉक्स किंवा स्कॉर्पिओ-एन. दोन्हींत फोर-बाय-फोर फक्त डिझेलमध्ये आणि सगळं धरून वीस लाखांच्या पुढची तयारी ठेवायची. रॉक्सची मागची सीट आधीच्या थारच्या तुलनेत स्वर्ग, पण गाडी लांब झाल्यामुळे अरुंद वाटेवर वळवताना घाम फुटतो. तीसच्या आसपास गेलात तर कंपास आहे, दोन मोटर्सवाली हॅरियर ईव्ही आहे, जिच्यात ट्रान्सफर केसची भानगडच नाही. पुढच्या एक्सलला एक मोटर, मागच्याला दुसरी. फॉर्च्युनर त्याच्याही वर. खरं सांगायचं तर फॉर्च्युनर राजमाचीच्या दगडांवर घालणारा मालक मला अजून भेटायचाय.

आणि बजेट कमी असेल तर? सेकंड-हँड जिप्सी हा जुना, रोमँटिक पर्याय. हलकी, साधी, कुठल्याही गावात दुरुस्त होणारी. पण सामान्य ग्राहकांसाठी ती २०१८-१९च्या सुमारास बंद झाली. बाजारातल्या बऱ्याच जिप्सी पंधरा वर्षांच्या पुढच्या, म्हणजे आरटीओत पुन्हा नोंदणी आणि ग्रीन टॅक्स आलाच. शिवाय एसी नावाचा प्रकार बहुतेकींत नाही. मेकॅनिकला घेऊन जा, चासी गंजलीय का ते खाली झोपून बघायला लावा आणि फोर-एल प्रत्यक्ष टाकून गाडी चालवून पाहा. वर्षानुवर्षं न वापरलेला ट्रान्सफर केस आयत्या वेळी दगा देतो.

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. टू-व्हील ड्राइव्ह आणि फोर-बाय-फोरमध्ये सगळं धरून ४ लाखांचा फरक पडला असं समजू. सात वर्षांचं कर्ज, ९ टक्के व्याज. महिन्याला साधारण ६,४०० रुपये जादा, सात वर्षांत ५ लाख ४० हजार. तुम्ही वर्षातून चार वेळा राजमाचीला गेलात तर सात वर्षांत २८ फेऱ्या. एकेका फेरीला १९ हजारांच्या वर! त्यापेक्षा तुमची हॅचबॅक लोणावळ्यात ठेवा आणि त्या वाटेवर रोजचा हात असलेल्या स्थानिक जीपवाल्या दादांना सांगा. दगड त्यांना तोंडपाठ, पैसे गावात राहतात, आणि तुम्हाला खिडकीबाहेर बघता येतं. मावळात कुणाची शेतजमीन आहे, आतल्या गावात घर आहे, जुलैत तिथे पोचलंच पाहिजे अशी गरज आहे, त्यांचा हिशेब वेगळा. त्यांनी बेलाशक घ्यावी.

गाडी घेतलीत तर आणखी एक गोष्ट. आपण ज्याला 'ऑफ-रोड' म्हणतो ती बहुतेक वेळा कुणाची तरी जमीन असते. मावळ म्हणजे इंद्रायणी तांदळाचं घर. हा वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७मध्ये आला आणि आज आपल्या सगळ्यांच्या ताटात आहे. जून-जुलैत भात लावणी चालू असते. खाचराचा बांध ओला असतो आणि त्यावरून एकदा दोन टनांची गाडी गेली, की आत साठवलेलं पाणी निघून जातं. फोटोला पाच सेकंद, बांध घालायला माणसाचा अख्खा दिवस. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय गाडी घालणं तर सरळसरळ गुन्हा.

आणि मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर काजवे बघायला राजमाचीला जाल तेव्हा छतावरची ती एलईडी पट्टी बंद ठेवा. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीचा एकमेकांशी चाललेला संवाद असतो, झगमगाटात तो तुटतो. गेल्या खेपेला एका झाडाखाली आम्ही वीसेक जण अंधारात चुपचाप उभे होतो. झाड नुकतं कुठे एका लयीत उजळायला लागलं होतं, तेवढ्यात वळणावरून हाय-बीम टाकत एक गाडी आली. झाड विझलं. गाडीवाल्याने काच खाली करून विचारलं, "काजवे कुठे दिसतात हो?" आमच्यातल्या गावच्या पोराने शांतपणे उत्तर दिलं, "लाइट बंद करा दादा, मग इथंच."